दुसऱ्या नंबरचं सूत

दिघोरी
११ ऑक्टोबर १९७९

रुखमिणी,

वर नुसतं नाव लिहिलं आहे. चि. लिहायला घेतलं होतं, पण ज्या मुलीच्या नावाने तळ्यावर जाऊन आंघोळ केली तिला चिरंजीव कसं लिहायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. आशीर्वादाचंही तेच. तेव्हा हे पत्र केंद्राच्या कामाचं आहे असं समज.

गेल्या चार खेपांपासून पवनीजवळच्या तुमच्या मेंढपाळांच्या टोलीवरून शकुबाईच्या नावाने लोकरीचं सूत येत आहे. तुझ्या सासूशी माझी बोलचाल नाही, पण तिचं सूत मी तीन वर्षं तपासलेलं आहे. धागा तुटला की शकुबाई गाठ मारते आणि पुढे जाते. तिच्या लडीवरून हात फिरवला की जागोजागी टोचतं. आता येतं त्या सुतात गाठ नाही. तुटलेली दोन्ही टोकं उकलून, एकमेकांवर ठेवून, थुंकी लावून तळहातावर वळलेली आहेत. त्या जागी बोटाला तांदळाच्या कणीएवढं जाड लागतं. आपल्या भागात असा सांधा दोनच बायका घालतात, आणि त्यातली एक मी आहे.

म्हणजे सूत तुझं आहे. नाव सासूचं का लावतेस ते विचारत नाही. माझ्या हातात तुझ्या नावाची चिठ्ठी पडू नये म्हणून असेल, तर बरं केलंस.

ह्या सुताला नंबर दुसरा दिला आहे. कारण जाड जागा. तू म्हणशील, हा सांधा आई तूच शिकवलास. शिकवला. पण नियम सगळ्यांना सारखा. मी इथे आई म्हणून बसत नाही, शिक्षिका म्हणून बसते. एकसारखं, बारीक सूत पहिल्या नंबरात जातं आणि दर गुरुवारी ट्रकने नागपूरला रवाना होतं. दुसऱ्या नंबरचं इथेच फळीवर राहतं, आणि नत्थू विणकराला जाडीभरडी घोंगडी विणायची असली की तो त्यातून घेतो. तुला हे माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

पायचरखा केंद्राने शकुबाईच्या नावावर दिलेला आहे, तो आता तूच चालवतेस हे उघड आहे. काळी देशी लोकर आखूड असते. तिला पीळ जास्त लागतो आणि पाय सावकाश. तुझा पाय लहानपणापासून घाईचा. शाळेतून आलीस की दप्तर ओसरीवर आणि पाय चरख्यावर, वर मला म्हणायचीस, आई तू फारच हळू आहेस. आताही सुतात ती घाई दिसते.

हे पत्र पेळूत गुंडाळून पाठवते. पिंजलेल्या लोकरीची वळी तुलाराम सायकलवर बांधून नेतो, त्याला आत काय आहे ते कळणार नाही, आणि कळलं तरी त्याला वाचता येत नाही. दुसऱ्या थराचा पेळू आधी उघडत जा.

सत्यभामा कृष्णराव
शिक्षिका, कताई केंद्र


दिघोरी
१८ फेब्रुवारी १९८०

रुखमिणी,

आज तीन वर्षं झाली. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, धान निघून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की ती आपोआप येते.

त्या वर्षी खालच्या बांधीत मेंढ्या बसवल्या होत्या. खताला मेंढ्या पाहिजेत म्हणून तुझ्या बाबांनीच सोमाजीच्या बापाला बोलावणं धाडलं होतं. आठ दिवस त्यांचं पाल तिथे होतं. तू दोन वेळा ताक घेऊन गेलीस. मला वाटलं, टकळी बघायला जातेस. सोमाजी मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर सूत काढायचा, आणि तू घरी येऊन मला सांगितलंस की आई, त्याचं सूत तुझ्या चरख्यापेक्षा एकसारखं आहे. मी हसले होते. नवव्या दिवशी पाल उठलं आणि तू नव्हतीस.

तेराव्या दिवशी तुझे बाबा तळ्यावर गेले. भावकीतले चार जण होते. मडकं फोडलं, आंघोळ केली. मलाही सांगितलं, तेव्हा मीही केली. पाणी थंड होतं. बाकी मला काहीच आठवत नाही. रडले का, असं केंद्रातल्या मंगलाबाईने नंतर विचारलं. रडले नाही. घरी येऊन धान कांडायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले. तेव्हापासून तसंच आहे. दात काढताना गाल बधिर होतो ना, आपलाच गाल असून परक्याचा लागतो, तसं. दुखत नाही, हे खरं सांगते.

त्या दिवसापासून बाबांनी बांधीत कोणाच्याच मेंढ्या बसू दिल्या नाहीत. खालची बांधी निम्मी पिकते.

आता कामाचं. केंद्रात नवी लोकर आली आहे. एक बिकानेरची, पांढरी, लांब धाग्याची. रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुवावी लागते, वाळू फार निघते, पण कातायला गरीब आहे. दुसरी मेरिनो, परदेशातली. कागदात गुंडाळून, धुऊन, विंचरून आलेली, साबणाचा वास मारते. हातातून नुसती निसटते. मंगलाबाई म्हणते, "हे काई लोकर हाये? लाडात वाढलेली सून हाये. हात लावला का रुसते." बायका सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या आहेत, कारण तिचं सूत हमखास पहिल्या नंबरात जातं. मी तुला मेरिनो पाठवत नाही. तुला काळीच पाठवते. त्याचं कारण आत्ता विचारू नकोस.

नत्थूने फळीवरच्या सुताची एक घोंगडी विणली. चिंचोक्याची खळ कडक लागली आहे, दोन हिवाळ्यांत मऊ होईल. ती मी घरी आणली. तुझे बाबा पांघरतात. गरम आहे म्हणाले.

तुझ्या ह्या खेपेच्या सुताला नंबर दुसराच.

सत्यभामा


दिघोरी
२० नोव्हेंबर १९८१

रुखमिणी,

काल तुलाराम बंडीतून चरखा घेऊन आला.

केंद्राचा नियम असा आहे की एखाद्या बाईचं सूत वर्षभर सलग दुसऱ्या नंबरात गेलं तर तिचा चरखा काढून दुसऱ्या बाईला द्यायचा. हा नियम कागदावर होता. मागच्या साहेबांनी कधी तो वापरला नाही, आणि मला वाटलं तो तसाच कागदावर राहील. नवे साहेब आले त्यांनी यादी मागितली. यादी मी दिली. शकुबाईचं नाव त्यात पहिलं होतं, आणि अक्षर माझं होतं.

मी तुलारामला विचारलं, काही म्हणाली का.

"काई बोलली नाई जी. चरखा पुसून देला तिनं. चाकाले तेल लावून देलं. म्यातारी मातर लय बोलली. आमच्या घरात आजवर कोनाच्या सुताले दुसरा नंबर लागला नाई म्हने, शेतकऱ्याची पोट्टी आनली अन् हे पाहा लागून राहिलं."

"आणि ती?"

"ते उभी होती. बंडी हाकलली तवा म्हनली, आईले सांगजा जी, माहे हात पयलेपासून असेच होते. तवा तिले चालत होते."

तुलाराम हे सांगून बिडी प्यायला बाहेर गेला. मी चरखा तपासला. शिक्षिकेला तपासावा लागतो. पायपट्टीची एक खीळ बदललेली होती, बांबूची, चांगली तासलेली. ती सोमाजीने केली असेल. चातीच्या लोखंडी काडीवर अर्धी भरलेली काळी लोकर तशीच होती. धागा तोडलेला नव्हता, नुसता गुंडाळून खोचलेला होता, परत बसायचं असल्यासारखा.

चरखा उद्या शेजारच्या गावी एका बाईला जाईल. चाती मी बदलून ठेवली. तुझी चाती माझ्याकडे आहे.

दोन ओळी अजून लिहायच्या होत्या, पण आज नको. पेळूंची खेप आता तुमच्याकडे जाणार नाही, तेव्हा हे पत्र कसं पाठवायचं तेही बघावं लागेल.

आई


दिघोरी
३ डिसेंबर १९८१

रुखमिणी,

मागच्या पत्राखाली सवयीने आई लिहिलं. पेटीतून काढून पुन्हा वाचलं, खोडलं नाही. दोन्ही पत्रं आता एकत्र पाठवते.

मी तुला खोटं लिहिलं होतं. जाड जागांमुळे दुसरा नंबर दिला, हे खोटं. तुझ्या सांध्याचं सूत पहिल्या नंबरात जायला काही अडचण नव्हती. लोकरीत तो सांधा गाठीपेक्षा चांगलाच, धुतल्यावर दिसतसुद्धा नाही. इथल्या कोणत्याही बाईपेक्षा तुझं सूत सरस होतं. काळ्या लोकरीतून तू जे काढत होतीस ते मला स्वतःला जमलं नसतं.

पहिल्या नंबरचं सूत गुरुवारी ट्रकमध्ये चढतं. मग ते नागपूरला दुकानात जातं, तिथून कुठे जातं कोणास ठाऊक. दुसऱ्या नंबरचं इथे राहतं. एवढंच कारण आहे. पहिल्या खेपेला लडी हातात घेतली, सांधा बोटाला लागला, आणि मला ती ट्रकमध्ये द्यायची नव्हती. चिठ्ठीवर दोन आकडा घातला आणि फळीवर ठेवली. पुढच्या खेपेलाही तेच केलं. नंतर तेच करत गेले.

दुपारी बायका जेवायला जातात तेव्हा खोलीत कोणी नसतं. तेव्हा मी फळीवर हात ठेवायची. रडू आलं असं समजू नकोस. काही होत नव्हतं. हात ठेवला की बरं वाटायचं, इतकंच. मेरिनो दिली नाही त्याचंही हेच. मेरिनोला दुसरा नंबर दिला असता तर साहेबांनी विचारलं असतं.

माझ्या मनात आलंच नाही की त्या चिठ्ठीची नक्कल पेळूंबरोबर तिकडे जाते आणि एक मुलगी ती वाचते. सासूसमोर वाचते. दर महिन्याला आई लिहून कळवते की तुझा हात खराब आहे. मी इतकी वर्षं बायकांना शिकवते, सुताचा नंबर म्हणजे बाईची इज्जत असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त तुझ्या बाबतीत ते आठवलं नाही. मला वाटायचं, आपण आपल्या मुलीचं काहीतरी ठेवून घेतो आहोत.

तुझा चरखा मी घालवला. तुझ्या बाबांनी नाही, साहेबांनी नाही. हे मी साहेबांना सांगितलं तर तो परत मिळेल का, याचा विचार आठ दिवस केला आणि काल सांगितलं. ते म्हणाले, दोन वर्षं चुकीचा नंबर लावणारी शिक्षिका आम्ही कशी ठेवायची. मग म्हणाले, जाऊ द्या बाई, चरखा आता दिला गेला. त्यांनी मला ठेवलं. चरखा परत मिळाला नाही.

मला माफ कर असं लिहायचं असतं. ते लिहून काय होतं ते मला कळत नाही, पण लिहिते. माफ कर.

तुलाराम पवनीच्या बाजाराला जातो. पत्रं त्याच्या हाती उघडीच देते. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

आई


दिघोरी
९ सप्टेंबर १९८२

रुखमिणी,

नऊ महिने झाले, उत्तर नाही. यायला पाहिजे असं नाही. तुलाराम म्हणाला की पत्रं तुझ्या हातात दिली, तू चुलीपाशी बसून वाचलीस आणि पदराला बांधलीस. जाळली नाहीस एवढं कळलं.

फळीवरचं तुझं सूत नत्थूने एकेक करून नेलं. शेवटची लडी मी घरी आणली.

आता एक सांगायचं आहे. माझ्या बोटांना लागेनासं झालं आहे. आधी मुंग्या यायच्या, मी म्हणायची बसून बसून येतात. मग उजव्या हाताची तीन बोटं गेली, पावसाळ्याच्या तोंडी डावीही. तव्याला हात लागला आणि मला वासावरून कळलं. गावात कुजबुज झाली, तुला माहीत आहे कसली. दोन बायका माझ्या शेजारचा चरखा सोडून पलीकडे बसल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सुया टोचून पाहिल्या, तो रोग नाही म्हणाले. मनगटातली शीर दबली आहे. इतकी वर्षं हातचरखा, पायचरखा, टकळी, सगळ्यांवर हात एकाच जागी वाकवून बसल्याचं फळ. बरं होईल का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, काम सोडा.

मजा बघ. पाच वर्षं मी म्हणत होते की मला काही लागत नाही. आता खरंच लागत नाही तर वाईट वाटतं आहे. पहिल्यांदाच काहीतरी वाटतं आहे, म्हण.

काल ती घरी आणलेली लडी काढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. सांधा सापडला नाही. पुन्हा फिरवलं. माहीत होतं की तो तिथे आहे, डोळ्यांना थोडा दिसतही होता, पण बोटाला तुझं सूत आणि परक्याचं सूत सारखंच झालं आहे. रुखमिणी, मला त्याची भीती वाटते. आंघोळ केली त्या दिवशी वाटली नव्हती इतकी वाटते. उद्या तू पुन्हा कातलंस तर तुझी लडी माझ्या हातातून ट्रकमध्ये जाईल आणि मला कळणार नाही.

नंबर आता मंगलाबाई लावते. मी बायकांना शिकवते, तोंडाने.

सोबत मूठभर जावळ पाठवते. तुला सांगायला नको, पण तरी, कोकराची पहिली कातरण. ती चरख्यावर घालू नये, पीळ सहन होत नाही. टकळीवरच काढायची असते. मी ठेवून दिली होती, माझ्या बोटांनी आता होणार नाही. तू काढ, नाहीतर उशीत भर. तुझी इच्छा.

आई


दिघोरी
१६ जानेवारी १९८३

रुखमिणी,

तुझे बाबा महिनाभर आजारी होते. आता बरे आहेत, घाबरू नकोस. ताप होता, उतरला. अंगणात उन्हात बाज टाकून पडून असतात. पांघरायला तीच घोंगडी. आता मऊ झाली आहे.

परवा मी तिथेच तांदूळ निवडत होते. बोटांना खडा लागत नाही, डोळ्यांनी निवडते, त्यामुळे वेळ लागतो. बाबा आपला अंगठा घोंगडीवरून फिरवत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "इच्यात गाठ नाई लागत व कोठंच."

मी म्हणाले, दुसऱ्या नंबरची आहे.

"दुसऱ्या नंबरले त गाठी असतेत."

मी निवडत राहिले. तुला आठवतं का, ओसरीवर मी तुला सांधा शिकवत होते तेव्हा ते समोर बसून दोर वळायचे. तुझा धागा दहादा तुटायचा, ते हसायचे आणि म्हणायचे, थुंकी पुरत नसंन त माही घे. आठवलं असेल तर त्यांनाही आठवलं असणार.

मी म्हणाले, सांगू का कोणाच्या हातची आहे?

अंगठा थांबला. "नाव सांगू नोको," म्हणाले. "नाव नोको सांगू मले."

मी नाव सांगितलं नाही. ते कूस वळले आणि घोंगडी डोक्यावरून घेतली. संध्याकाळी मी ती धुवायला मागितली तर दिली नाही. अजूनही देत नाहीत. मळली आहे फार.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. ह्याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव. मला अर्थ लावायचा कंटाळा आला आहे.

तुझ्याकडून जावळ पोचल्याचं कळलं नाही.

आई


दिघोरी
२३ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. रुखमिणीस, अनेक आशीर्वाद.

हे लिहिलं आणि काही झालं नाही. घराचं छप्पर पडलं नाही. इतकी वर्षं उगाच घाबरले.

आधी बाबांचं सांगते. मंगळवारी तुलाराम दारावरून जात होता, त्याला त्यांनी हाक मारली. मला वाटलं तंबाखू पाहिजे असेल. तर विचारलं, "अरे तुलाराम, सोमाजीचा कळप औंदा कोठं बसून राहिला?"

तुलाराम माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं.

"पवनीकडेच हाये जी. काहून?"

"खालची बांधी मेली. धान निंगत नाई. मेंढ्या बसवा लागतीन. कोनाच्याई चालतीन, मी काई सोमाजीच्याच म्हनून नाई राहिलो," बाबा म्हणाले. "पन त्याचा कळप मोठा हाये म्हनते लोक."

मग आत गेले आणि मला चहा मागितला. ते दोन तासांत दोन वेळा प्यालेले होते. मी तिसरा दिला. तुलाराम निरोप घेऊन तुझ्याकडे येईलच. सोमाजीने यायचं की नाही ते त्याने ठरवावं. माझा आग्रह नाही. बाबा तोंडाने याच्यापेक्षा जास्त बोलणार नाहीत, हे मात्र त्याला समजावून सांग. तो मेंढ्या घेऊन आला तर त्याच्यासोबत पालात राहायला तूही येशील, हे त्यांना कळत नाही असं नाही.

आता आजचं.

आज गुरुवार. सकाळपासून सूत उतरवून घेणं चाललं होतं. ट्रक दाराशी उभा होता, ड्रायव्हर ओरडत होता. मंगलाबाई लड्या बघून चिठ्ठ्या लावत होती, मी नव्या मुलींना पेळू वळायला शिकवत होते. मध्येच मंगलाबाई मोठ्याने हसली. म्हणाली, "बाई, हे पाहा व. पवनीकडून आलं. या बाईनं आपल्या मनानंच नंबर लावून पाठोला."

मी जवळ गेले. बारीक लडी होती, मूठभर लोकरीची, टकळीवर काढलेली. हातात घेतली. बोटांना काहीच लागलं नाही, कापूस काय, लोकर काय, हवा काय. मी ती ओठांना लावली. पोरी बघत होत्या, बघोत. ओठांना अजून लागतं. खालच्या ओठाखालून धागा ओढत गेले आणि वीतभरावर सांधा सापडला. कणीएवढा.

मग चिठ्ठी बघितली. शाळेच्या वहीचा कागद, शिसपेन्सिलीने लिहिलेला. शकुबाईचं नाव नव्हतं. तुझं होतं, रुखमिणी सोमाजी. आणि त्याच्याखाली, तुझ्या त्याच गिचमिड अक्षरात: नंबर दुसरा.

मंगलाबाई म्हणत होती, "इतकं नामी सूत, अन् दुसरा कायले लावते? येडी का खुळी. इच्यासारखं त आज एकई नाई आलं. आना इकडं, मी पयला करतो अन् गाडीत टाकतो."

मी म्हणाले, नाही.

"अवं बाई, नुकसान होते तिचं."

मी म्हणाले, तिला कळतं ते. तिने लिहिलं तेच राहू दे.

ट्रक गेला. मी लडी फळीवर ठेवली, तुझ्या चिठ्ठीसकट, आणि पोरींपुढे खाली बसून रडले. मंगलाबाईने पाणी आणलं. फार वेळ नाही रडले, पेळू अर्धे राहिले होते.

आई